डाव्या हाताला न सांगितलेलं अंजीर

जुवेरियाच्या घरातले सगळे रंग चार महिन्यांपासून डब्यात बंद होते.

तिचे अब्बा रंगारी. किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या चिमुकल्या गावात जवळजवळ प्रत्येक भिंतीवर अब्बांचा ब्रश फिरलेला. शाळा पिस्ता रंगाची, मशीद मोतिया, आणि शेजारच्या मथुराकाकूंचं दार तर कलिंगडासारखं लालचुटुक! पण एके दिवशी शिडी सटकली, अब्बा धाडकन पडले आणि त्यांच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. पुढे हाड जुळलं, प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, "आता रोज थोडं थोडं चाला." पण मनात बसलेली भीती प्लास्टरसारखी कापून थोडीच काढता येते? उभं राहिलं की पाय लटपटायचा आणि अब्बा पुन्हा खाटेवर बसायचे. "उद्या बघू," म्हणायचे. तो उद्या काही उजाडत नव्हता.

मग अम्मी अंजिराच्या बागेत कामाला जाऊ लागली. फळं निवडायची, पानं घालून खोक्यात भरायची. घरात भाकरी असली तर भाजी नसायची, भाजी असली तर तेल नसायचं. जुवेरियाच्या चपलेचा अंगठा तर तारेनं बांधलेला होता.

पण तिला नवी चप्पल नको होती. तिला एकच गोष्ट हवी होती. गेल्या ईदला ती अब्बांचं बोट धरून ओढ्यापलीकडच्या ईदगाहवर नमाजाला गेली होती. यंदा ईद नऊ दिवसांवर आली होती आणि अब्बा दारापर्यंतसुद्धा येत नव्हते. अब्बांनी पुन्हा चालावं, तिचं बोट धरून ईदगाहवर यावं, बास. रात्री डोळे मिटले की ती हेच मागायची.

आणि हो, त्या दिवशी जुवेरियाचा पहिलावहिला रोजा होता! आठ वर्षांच्या मुलीला कुणी रोजा धरायला सांगत नाही. अम्मी म्हणालीच होती, "दुपारपर्यंत धर, मग बघू." पण दुपार टळली तरी आमची जुवी आपली ताठ.

शाळा सुटल्यावर ती रोज बागेत यायची. बागेच्या कोपऱ्यात अंजिराचं एक वाळकं रोप होतं. "मेलंय ते, उपटून टाकू," असं बागवाले म्हणायचे. जुवेरियाला त्याची फार फार दया यायची. मदरशातल्या आपांनी शिकवलं होतं की वजूचं पाणीसुद्धा जपून वापरायचं, अगदी नदीकाठी बसलात तरी. म्हणून नमाजआधी हातपाय धुवायला जुवेरिया एकच तांब्या घ्यायची आणि त्या रोपाशेजारीच बसायची. हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुतले, की सगळं पाणी झुळझुळ करत रोपाच्या मुळाशी!

त्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यानंतरच्या नमाजाच्या वेळी तिनं वजू केला. तांब्यात घोटभर पाणी उरलं. तहान तर अशी लागली होती की काही विचारू नका. पण तिनं डावा हात पाठीमागे लपवला आणि उजव्या हातानं ते पाणी रोपाला घातलं.

आणि काय गंमत! वाळक्या काडीला टपकन एक हिरवंगार पान फुटलं. पानाआडून एक इवलंसं अंजीर डोकावलं, आणि अंजिरावर बसली होती बोटाएवढी परी! तिचा झगा कोवळ्या पानांचा होता. तिचे पंख आधी गुलाबी दिसले, मग जांभळे, मग असे काही चमचमले की तो रंग अब्बांच्या शेडकार्डातसुद्धा नव्हता.

"सलाम, छोट्या मुली," परी किणकिणली.

"व-वालेकुम सलाम!" जुवेरियाचे डोळे बशीएवढे झाले.

"तुझ्या वजूच्या पाण्यानं माझं घर वाचलं गं. पण मला एक सांग. पाणी घालताना तू डावा हात का लपवतेस?"

जुवेरिया लाजली. "आपा म्हणाल्यात, उजव्या हातानं काही दिलं तर ते डाव्या हाताला कळता कामा नये. म्हणून मी त्याला बघूच देत नाही."

परी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या पंखांवरची चमकी भुरभुर खाली सांडली. आपांना म्हणायचं होतं की कुणाला काही दिलं तर त्याचा गाजावाजा करू नये. पण जुवेरियानं ते खरोखरच्या हातालाच लागू केलं होतं! परीनं मात्र तिची चूक काढली नाही.

"हे अंजीर तुझं," परी म्हणाली. "याच्यावर एक मागणं मागता येतं. पण नीट ऐक हं. आज सूर्य मावळून मगरिबची अजान झाली, की रोजा धरलेल्या तोंडानंच ते खायचं. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि मागितलेलं कुणालाही सांगायचं नाही."

"अब्बांसाठी मागितलं तर चालेल?"

"चालेल की. पण देणारी मी नव्हे बरं का. देणारा अल्लाह. मी आपली इथून तिथे पोचवणारी."

एवढं बोलून परी पानाआड गेली. जुवेरियानं अंजीर ओढणीच्या टोकात बांधलं आणि ती घराकडे निघाली. निघाली कसली, उडतच होती! आज अजान होईल, आज अब्बा उठतील, ईदला आम्ही दोघं ओढा ओलांडू! डोक्यात नुसती ईदच ईद.

लालचुटुक दारात मथुराकाकू काठी टेकून उभ्या होत्या. त्यांचे गुडघे भारी दुखायचे. काकू रोज जुवेरियाला काही ना काही खाऊ द्यायच्या. "घे गं माय," म्हणत त्यांनी आजही तिच्या हातावर मुरमुऱ्याचा लाडू ठेवला आणि त्या आत वळल्या. जुवेरियानं रोजच्यासारखा तो तोंडात टाकला. कुर्रम, कुर्रम, कुर्रम. गुळाचा एक कण दाताला चिकटला, तो जिभेनं काढला, आणि...

"या अल्लाह! माझा रोजा!"

तिचे पाय जागच्या जागी थिजले. लाडू तर पोटात गेला होता. रोजा मोडला. अंजीर रोजा धरलेल्या तोंडासाठी होतं. आता अब्बा कसे उठणार? जुवेरियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तसं कुणीच पाहिलं नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, हा विचार तिच्या मनात आला. मग तिनं ओढणीची गाठ घट्ट धरली. अंजीर परीची अमानत होतं. अमानत म्हणजे विश्वासानं आपल्याकडे सोपवलेली चीज. तिच्यावर आता आपला हक्क उरला नाही, असं तिला वाटलं आणि तिला फार फार वाईट वाटलं.

काकू पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. "अगं, रडतीस का?"

"काकू, माझा रोजा होता! मी लाडू खाल्ला! मी बागेत जाते," असं हुंदके देत म्हणून जुवेरिया आल्या वाटेनं पळत सुटली.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं माय माय! लेकराचा उपास होता, अन् म्याच तिला लाडू दिला!" काठी टेकत टेकत त्या शेजारी अब्बांकडे गेल्या आणि त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं.

ऐकता ऐकता अब्बा खाटेवर ताठ झाले. "अहो काकू, पण रोजा मोडलाच नाही! विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. अल्लाहनंच तिला खाऊ घातलं, असं आम्ही मानतो. तिला कुणीतरी सांगायला हवं!"

पण कोण सांगणार? अम्मी बागेच्या पार पलीकडच्या टोकाला, आणि तिचा मोबाईल इथे घरात चार्जिंगला. अजानीला जेमतेम वीस मिनिटं राहिलेली. लेकरू तिथे एकटंच रडत बसलंय.

"मीच गेले असते रे बाबा," काकू कळवळून म्हणाल्या, "पण माझे गुडघे..."

अब्बांनी एकदा आपल्या पायाकडे बघितलं, एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "काकू, तुमची काठी द्या."

तिकडे बागेत जुवेरियानं अंजीर रोपाच्या मुळाशी ठेवलं. "परीताई, माझ्याकडून चूक झाली. तुझी अमानत परत घे," असं ती तीनदा म्हणाली. पान हललं नाही. परी आली नाही. सूर्य किल्ल्याच्या बुरुजाला टेकला, आकाश केशरी झालं, मग डाळिंबी झालं. जुवेरिया गुडघ्यात डोकं घालून मुसमुसत राहिली.

टक. टक. टक.

कसला आवाज? जुवेरियानं डोकं वर केलं. अंजिराच्या दोन रांगांमधून कुणीतरी येत होतं. एक पाऊल, मग काठी. पुन्हा एक पाऊल, मग काठी. शर्ट घामानं भिजलेला, पाय थरथरतोय, आणि चेहरा... चेहरा अब्बांचा!

"जुवे!" अब्बा लांबूनच ओरडले. "रडू नकोस बाळा! तुझा रोजा तुटला नाही!"

जुवेरिया बघतच राहिली. रोज्याचं काय ते तिला ऐकूच आलं नाही. "अब्बा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही चालत आलात?"

अब्बांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं, जणू त्यांनाही आत्ताच कळत होतं. "आलो की," ते म्हणाले. मग त्यांनी तिला जवळ घेतलं आणि विसरून खाल्लेल्या लाडवाची गोष्ट नीट समजावली. चार महिन्यांनी बापलेक खळखळून हसली.

तेवढ्यात मुळाशी ठेवलेलं अंजीर लुकलुकलं. जुवेरियानं ते अलगद उचललं. म्हणजे ते अजून तिचंच होतं! आता मागायचं? अब्बांचा पाय ठणठणीत होऊ दे, काठीसुद्धा नको, असं मागायचं?

तिची नजर काठीवर गेली. मथुराकाकूंची काठी. म्हणजे काकू आत्ता काठीशिवाय दाराच्या चौकटीला धरून उभ्या असतील, आणि जुवी सापडली का म्हणून वाटेकडे बघत असतील.

गावातून अजान आली. अब्बांनी डोळे मिटून दुवेसाठी हात वर केले. जुवेरियानं डावा हात पाठीमागे लपवला, उजव्या हातात अंजीर धरलं आणि मनातल्या मनात म्हणाली, "या अल्लाह, मथुराकाकूंचे गुडघे बरे होऊ देत."

पानाआडून परी वर आली. तिचे पंख पूर्ण उघडले होते. "आमीन," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्यासाठी त्याच्या पाठीमागे, त्याला न कळवता मागितलं ना, की मागणाऱ्यालाही तेच मिळतं. आमीन गं, आणि तुझ्या घरीही तसंच!"

आणि मग सोनेरी, गुलाबी, जांभळा असा लख्ख उजेड झाला. सगळी बाग क्षणभर झळाळली, आणि परी त्या उजेडात विरघळून गेली. रोपावर तेवढी हिरवीगार पानं उरली, एक नाही, चांगली सात! जुवेरियानं बिस्मिल्लाह म्हणून अंजिराचे दोन भाग केले. मोठा भाग अब्बांना दिला.

दुसऱ्या दिवशी अब्बा काठी परत करायला गेले, तर मथुराकाकू अंगणात सडा घालत होत्या, कंबर वाकवून! "ऱ्हाऊ दे ती तुझ्याकडंच," काकू म्हणाल्या. "मला तर लागंनाच झाली. काय झालं, देवालाच ठावं."

जुवेरियाला ठाऊक होतं. पण ती काही बोलली नाही.

अब्बा मग रोज चालू लागले. आधी दारापर्यंत, मग मशिदीपर्यंत, मग बागेपर्यंत. आणि ईद उजाडली. अत्तर लावून, शिरखुर्म्याचा डबा काकूंकडे पोचता करून, बापलेक ईदगाहला निघाली. ओढा ओलांडून पलीकडे गेल्यावर जुवेरिया एकदम थांबली.

"अब्बा! तुमची काठी कुठंय?"

अब्बांनी हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. "अरेच्चा! घरीच राहिली," ते म्हणाले. "विसरलो!"

दोघं एकमेकांकडे बघून पोट धरधरून हसली. मग तशीच पुढे चालू लागली. जुवेरियाच्या बिचाऱ्या डाव्या हाताला या सगळ्यातलं काहीच माहीत नव्हतं. पण अब्बांचं बोट त्याच्याच मुठीत होतं.