सागवानी जमिनीची चकाकी

वस्तू अजून तोंडाने बोलत होत्या, त्या काळी एका बंगल्यात सागवानी जमीन होती. मालकाची चाहूल लागली की खंड्या कुत्रा दाराकडे धावत सुटे आणि तिच्यावर ओरखडे उठत.

"अरे मेल्या, नखं आवर! किती वेळा सांगायचं?" जमीन करवादे. मग दर सणाला ती हट्टाने नवं पॉलिश चढवून घेई. तरी ओरखडे वाढतच.

"हा मुद्दाम करतो!"

"पाय घसरतो गं," खंड्या रडवेला झाला. "पडू नये म्हणून नखं रोवतो."

"मग मी काय करू?"

कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली काथ्याची चटई म्हणाली, "चकाकी झाकते म्हणून मला कोणी उचलायला लावलं, बाई?"

बाहेर फाटक वाजलं. खंड्याने कान टवकारले.

"पसर एकदाची!" जमीन खेकसली. "पण कडेने थोडी चकाकी दिसू दे."