धवळ्याचा मुक्काम

निम्मा घाट चढून आलात की डाव्या हाताला जे खड्डे दिसतात, ते पावसाने पाडलेले नाहीत आणि रानडुकरांनीही उकरलेले नाहीत. ते माणसांनी खणलेत. कुणी जुना नकाशा घेऊन येतो, कुणी पुरलेले धन दिसते म्हणून पायाळू माणूस शोधून आणतो, आणि सगळे फावडी खांद्यावर टाकून हात हलवत परत जातात. देवीचे दागिने इथेच कुठेतरी आहेत, असे इथल्या बैठेतांडा वस्तीतली म्हातारी माणसे सांगतात. कुठे, ते सांगत नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक नाही.

हा घाट पूर्वी दोन राज्यांची शीव होता, आणि शिवेवर अंमल पेंढाऱ्यांचा. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या घालून याच वाटेने जात. अशाच एका तांड्याचा नाईक होता जेमला. खालच्या गावच्या देवीचा गुरव उमाजी एकदा त्याच्याकडे आला म्हणे. पेंढारी देऊळ लुटणार अशी आवई उठली होती, आणि देवीचे दागिने घाटापलीकडे तिच्या बहिणीच्या देवळात पोचवायचे होते. जेमलाने तांब्याभर पाण्यात मीठ टाकले, ते विरघळू दिले आणि पाणी पिऊन टाकले. शब्द मोडला तर आपणही असेच विरघळू, ही लमाणांची शपथ. तिच्यापुढे दुसरी नाही.

शपथ झाली, आता दागिने लपवायचे कुठे? पेंढारी तर एकूण एक गोणी फोडून बघायचे. तांड्याच्या पुढे धवळा चालायचा. तो देवाला सोडलेला बैल. त्याच्या अंगावर कवड्यांची झूल असे, पण पाठीवर कधी ओझे घालत नसत. तो बसला की तिथेच मुक्काम, आणि तो आपण होऊन उठेपर्यंत कुणी हलायचे नाही, अशी रीत. देवाच्या बैलाला कोण हात लावणार, असा हिशेब करून जेमलाने दागिने त्या झुलीच्या अस्तरात शिवायला काढले.

त्याच्या बायकोने, झमकीने, सुई हातात घेतली खरी. पण म्हणाली, "देवाच्या पाठीवर ओझं टाकतोयस, नाईक."

"देवीचंच आहे," जेमला म्हणाला.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणपणाने बैल लादला गेला.

निम्मा घाट चढून होतो न होतो तोच, भर दुपारी, धवळा वाटेतच बसला. तिथे ना पाणी, ना चारा. खाली वळणावर घोड्यांची धूळ दिसत होती. दुसऱ्या कुणी काठी घालून बैल उठवला असता, पण लमाणाच्या हातून ते होत नाही. धवळा का बसला हे त्या सगळ्या माणसांत दोघांनाच ठाऊक होते, आणि जेमलाला बायकोकडे बघवेना. त्याने मुक्कामाची हाक दिली आणि रोजच्यासारखी झूल उतरवली. झमकीने चुलीसाठी म्हणून जमीन उकरली ती हातभर खोल. आडोसा धरून जेमलाने अस्तर उसवले. दागिन्यांवर माती, मातीवर तीन दगड, दगडांवर तवा. पहिली भाकरी तव्यात पडली आणि घोडे येऊन थडकले.

पेंढाऱ्यांनी गोण्या फाडल्या. मीठ उतारावरून ओघळत गेले, हाती काही लागले नाही. पण त्यांचा म्होरक्या पक्का होता.

"देऊळ रिकामं निघालं," तो जेमलाला म्हणाला. "आणि या वाटेनं तूच गेलास. पाणी नाही तिथं मुक्काम कोण करतं?"

"बैल बसला."

म्होरक्याने भाल्याचे टोक धवळ्याच्या मानेवर ठेवले. "दागिने कुठं ते सांग. नाहीतर हा पुन्हा उठायचा नाही."

चूल चार हातांवर होती. नुसते बोट दाखवले असते तरी धवळा वाचला असता. त्याला जेमलाने वासरू असल्यापासून स्वतःच्या हाताने चारले होते. आपल्या शहाणपणाची शिक्षा हे मुके जनावर भोगणार, हे कळून त्याचा जीव तीळतीळ तुटत होता. पण मिठाचे पाणी पोटात होते. तो बोलला नाही. भाला धवळ्याच्या मानेत उतरला तेव्हा झमकीने खाली मान घालून भाकरी उलटली. ती करपली असती तर सगळ्यांच्या नजरा चुलीकडे वळल्या असत्या.

पेंढारी निघून गेले. तांड्यातल्या जाणत्यांनी विचारले, "नाईक, आता निघायचं कधी?"

"धवळा उठला की," जेमला म्हणाला. "एक रीत मी मोडली, तिचं काय झालं ते बघितलंत. दुसरी मोडणार नाही."

ठेव घेऊन जा, असा उमाजीकडे त्याने निरोप धाडला. निरोप्या परत आला तो गाव जळाल्याचे सांगत. गुरवाचा पत्ता नव्हता. दागिने मागायला पुढे कुणीच आले नाही. जेमला रोज सकाळी त्या बैलाशेजारी, आणि नंतर त्याच्या मातीशेजारी, जाऊन बसे. तो तिथेच म्हातारा झाला आणि तिथेच गेला. झमकीने थकल्यावर सुनांना सगळी हकीकत सांगितली, पण चुलीची जागा सांगितली नाही. ठेव ज्याची त्याने मागावी, एवढेच म्हणे.

आजही बैठेतांड्यात कुणालाही विचारून बघा, तुम्ही इथे किती वर्षे राहता? घरांवर स्लॅब पडलेत, दारात मोटरसायकली आहेत, पण 'राहतो' असे कुणी म्हणणार नाही.

"राहत नाही," म्हणतात. "मुक्काम पडलाय. बैल उठला की निघू."