माळाभर चिलमी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं ऐकायची नाहीत. पुढे गाढवांनी बोलणं सोडलं. माणसांचं मात्र आहे तसंच चाललंय.

तर डोंगराच्या पायथ्याला एक खालचं गाव होतं आणि माथ्यावर एक वरचं गाव. मधे एक पायवाट, आणि वाटेत शिवेचा दगड. या दोन गावांचा एक रिवाज होता. दर वर्षी होळीच्या आदल्या दिवशी दोन्ही गावांचे पाटील त्या दगडापाशी बसायचे. खालच्या पाटलानं स्वतःच्या हातानं चिलीम भरायची, स्वतःच पेटवायची आणि वरच्या पाटलापुढे धरायची. मग ती या हातातून त्या हातात फिरायची. चिलमीत विस्तव आहे तोवर दोघांनी वर्षाचं सगळं बोलून घ्यायचं. गुरं कुठं चरतील, झऱ्याचं पाणी कसं वाटायचं, आणि सगळ्यात शेवटी, वाट उघडी ठेवायची का.

बोलणं संपायच्या आत चिलीम विझली तर दोघांनी मुकाट उठायचं. विझलेली चिलीम पुन्हा पेटवायची नाही. पुढल्या होळीपर्यंत वाट बंद. मग इकडचं माणूस तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही.

तुम्ही म्हणाल, हा काय खुळा रिवाज! असेल. मला विचारून कुणी ठेवला नव्हता. आणि पोरांनो, आधीच सांगून ठेवतो, मी तंबाखूची भलामण करत नाही. ओढणाऱ्याची छाती जळते आणि शेजाऱ्याचं डोकं उठतं. पण रिवाज होता तो होता, आणि त्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही.

एका वर्षी पेरण्या उरकल्या आणि खालच्या गावचा म्हातारा पाटील वारला. पाटील गेला की त्याचा शब्दही त्याच्याबरोबर जायचा. नवा पाटील चिलीम भरेपर्यंत वाट बंद झाली.

या पाटलाची थोरली लेक, तिला सगळे आक्का म्हणत, वरच्या गावात दिलेली होती. बापाच्या तेराव्यालासुद्धा तिला शीव ओलांडता आली नाही. दगडापलीकडे उभी राहून बिचारी रडली आणि परत गेली.

घरात राहिली आई आणि धाकटा लेक. तोच आता नवा पाटील. आई खचली होती. डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललं होतं. ती लेकाला म्हणाली, "मला दुसरं काही नको रे बाबा. थोडं दिसतंय तोवर आक्काचं तोंड बघायचंय. होळीला चिलीम तेवढी नीट पेटव."

"त्यात काय मोठंसं!" लेक म्हणाला.

आता या लेकानं जन्मात कधी चिलीम तोंडाला लावली नव्हती. त्यात वाईट काही नाही, उलट चांगलंच. पण होळीला अजून कितीतरी महिने होते. आणि घरात कोनाड्यात बापाची चिलीम होती. मातीची, काळी पडलेली, काठाला टवका गेलेली.

आईनं ती चाचपडत उतरवली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाली, "हे बघ, आत हा खडा आहे तो असू दे, म्हणजे तंबाखू तोंडात येत नाही. खाली ओलं फडकं गुंडाळायचं, म्हणजे धूर गार होतो. भरताना ठासायची नाही, चिमटीनं सोडायची. आणि ओढायची कशी, तर गरम पेज पितो तशी, बेताबेतानं. पहिले दिवस अगदी थोडी भर. चार दिवस ठसका लागेल, पाचव्या दिवशी जमेल."

"ही?" पाटलानं नाक मुरडलं. "ही असली फुटकी चिलीम वरच्या पाटलांपुढे धरू? अगं, माझी काय शोभा राहील? आधी एक चांगली चिलीम बघतो. मग शिकतो."

झालं! इथंच मी कपाळाला हात लावतो. दर वेळी ही गोष्ट सांगताना इथं आलो की वाटतं, या माणसाला कानाला धरून खाली बसवावं. पण गोष्टीतल्या माणसाला कसलं कानाला धरता?

दुसऱ्या दिवशी पाटील गाढव घेऊन बाजाराला गेला. लाल मातीची एक सुबक चिलीम घेऊन आला. वाटेत कुणीतरी म्हणालं, माती लवकर तापते हो, दगडाची घ्यावी. पुढच्या बाजाराला दगडाची आली. मग कुणीतरी म्हणालं, दगड जड, हात अवघडतो, शिसवी लाकडाची बघा. ती आली. मग लांब नळीची आली, आखूड नळीची आली, वाकड्या मानेची आली. ज्याला त्याला हा विचारायचा, आणि विचारल्यावर सल्ला द्यायला कुणाचं काय जातं? ज्यानं आयुष्यात धूर पाहिला तो फक्त चुलीचा, तोही मिशीवरून हात फिरवून अक्कल पाजळायचा.

मग तंबाखूचा घोळ सुरू झाला. काळी बरी की पिवळी? कडक की सौम्य? गुळात मुरवलेली की नुसती वाळवलेली? पाटलानं सगळ्या आणल्या. शिवाय त्या ठेवायला रेशमी बटवे, विस्तव उचलायला पितळी चिमटा, चिलीम कोरायला नक्षीची सळई. घरातला माळा भरत चालला. ओढली मात्र एकही नाही.

एकदा बाजारातून परतताना गाढव थांबलं आणि म्हणालं, "धनी, एक विचारू का?"

"विचार."

"माझ्या पाठीवरून एवढ्या चिलमी घरी गेल्या. त्यातली एखादी तरी पेटवलीत का?"

"अजून मनासारखी मिळाली नाही."

"मी शिंगरू होतो तेव्हा मला चालायचं होतं," गाढव म्हणालं. "हेच पाय होते, वाकडे. यांच्यावरच उभा राहिलो, पडलो, पुन्हा उभा राहिलो. चांगले पाय कुठं मिळतात म्हणून विचारत नाही फिरलो."

"गाढवा, तुला काय कळतंय!" पाटील खेकसला.

गाढवालाच गाढव म्हटल्यावर त्यानं पुढे काय बोलायचं? ते मान खाली घालून चालू लागलं.

इकडे दिवस भराभर चालले होते. दिवाळी झाली, संक्रांत झाली. पाटील रोज संध्याकाळी आईपुढे नवी चिलीम धरायचा. "आई, ही बघ. कड्यांना चांदी आहे."

एका संध्याकाळी म्हातारीचा जीव अगदी मेटाकुटीला आला. "मला काय बघायला सांगतोस? मला दिसतंय कुठं? मला वास येतो. तुझा बाप घरात शिरला की अंगाला धुराचा वास यायचा. तुझ्या अंगाला नुसता बाजाराचा वास येतो. अरे मेल्या, ओढायला कधी बसणार आहेस?"

"बसतो गं. घाई कसली?"

"घाई कसली म्हणतोस? माझ्या डोळ्यांना विचार घाई कसली ते!" मग ती जरा नरमली आणि जवळ सरकून म्हणाली, "हे बघ, ठसक्याला घाबरतोस ना? तुझा बाप पहिल्या दिवशी गवताच्या गंजीमागं जाऊन ओकला होता. मी नवी नवरी होते, मी पाहिलं. हसलेसुद्धा. म्हणून काय झालं? सगळ्यांचं तसंच होतं. भर आणि ओढ एकदाची!"

म्हातारीनं बरोबर नस पकडली होती. पाटलाला काही चिलमींचं वेड नव्हतं. त्याला भीती होती ठसक्याची. आपल्याला येत नाही, हे चारचौघांत दिसेल याची. बाजारात हिंडणाऱ्याला कुणी हसत नाही. उलट सगळे म्हणतात, वा, पाटील किती पारखून घेतात! खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्याला हसतात. म्हणून हा शहाणा पारखतच राहिला.

आणि होळी आली.

पाटलानं सगळ्यांत नवी चिलीम काढली. वेलबुट्टी कोरलेली, चांदीच्या कड्यांची, दगडी. कुठली तंबाखू घ्यावी हे ठरेना, म्हणून सगळ्या एकत्र कालवल्या. त्यात गुळातली ओली होती, वाळवलेली कडक होती, आणि तिसरी कसली होती देव जाणे. खडा घातला नाही, कारण तो मळका दिसत होता. ओलं फडकं गुंडाळलं नाही, कारण नक्षी झाकली गेली असती. आईनं कोनाड्याकडे बोट केलं. तिकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

शिवेच्या दगडापाशी वरचा पाटील येऊन बसला होता. पिकलेला, भला माणूस. त्याच्या मागे, शिवेपलीकडे, आक्का उभी होती. नवं लुगडं नेसून, डोक्यावर गाठोडं घेऊन. वाट उघडली की तशीच माहेरी यायची म्हणून ती तयारीनं आली होती.

पाटलानं चिलीम ठासून भरली. वर निखारा ठेवला. आणि लोहाराच्या भात्यासारखा जीव खाऊन दम ओढला. कडक धूर सरळ छातीत गेला, मागोमाग तंबाखूचा चुरा घशात. असा ठसका लागला म्हणता, डोळे पांढरे झाले! ज्या ठसक्याला भिऊन एवढे महिने घालवले, तो नेमका सगळ्यांच्या देखत लागला.

वरच्या पाटलानं मुकाट चिलीम हातात घेतली. हळूहळू ओढून कशीबशी जागी ठेवली आणि गडबडीनं बोलायला लागला. गुरांचं बोलून झालं. पाण्याचं झालं. दगडी चिलीम तापून बोटांना चटके बसत होते, तरी म्हाताऱ्यानं सोडली नाही. पण रिवाजाप्रमाणे ती परत द्यावीच लागत होती.

"पाटील, घ्या. आता वाटेचं तेवढं राहिलंय," तो म्हणाला. "हळूच ओढा. नुसती जिवंत ठेवा."

पाटलानं चिलीम घेतली. ठसक्याच्या धास्तीनं त्यानं नुसते ओठ टेकले, ओढलीच नाही. मग घाबरून एकदम जोरात ओढली. ओल्या तंबाखूनं चर्र आवाज केला, आणि चिलीम विझली.

एका वाक्याचं काम बाकी होतं. फक्त एका!

वरचा पाटील उठला. उठता उठता त्यानं विचारलं, "तुमच्या वडलांची चिलीम कुठं आहे हो?"

"घरी आहे. जुनी झाली ती."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो निघाला. दोघं उभे राहिलेले बघून आक्काला कळायचं ते कळलं. तिनं दगडापलीकडूनच हाक मारली, "आई कशी आहे रे?"

"वाट बघतेय तुझी," पाटील म्हणाला. दुसरं काय सांगणार होता?

आक्कानं डोळ्यांना पदर लावला आणि गाठोडं घेऊन ती परत डोंगर चढू लागली.

घरी म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून दारातच बसली होती. गाढवाच्या पावलांचा आवाज आला तशी तिनं मान वर केली. कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दोघंच आलात?"

पाटील गाढवाचं दावं बांधत राहिला. शेवटी गाढवानंच सांगितलं, "होय माई. दोघंच."

म्हातारी रागावली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर पाटलाला बरं वाटलं असतं. ती भिंतीला धरून आत गेली आणि आक्कासाठी केलेल्या पुरणावर ताट झाकून पडून राहिली.

त्याच दिवशी पाटलानं बापाची काळी चिलीम घेतली आणि गवताच्या गंजीमागं जाऊन बसला. खोकला, ओकला, पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी कमी खोकला. आणि थोड्याच दिवसांत त्याला जमलं. ऐकताय ना? थोड्याच दिवसांत! एवढंसं होतं ते काम. माझा तर असा संताप होतो म्हणून सांगू!

पण वाट पुढल्या होळीलाच उघडायची होती, आणि म्हातारीला तितका दम नव्हता. थंडी पडली आणि ती गेली. आक्का पुन्हा त्या दगडापलीकडे उभी राहून रडली आणि परत गेली.

होळी आली. पाटलानं बापाची चिलीम भरली. खडा घातला, ओलं फडकं गुंडाळलं, चिमटीचिमटीनं तंबाखू सोडली. चिलीम अशी संथ चालली, की सगळं बोलणं झालं, वाट उघडली, तरी आत विस्तव होताच. वरचा पाटील म्हणाला, "छान. अगदी तुमच्या वडलांसारखी." पाटलानं मान वर केली नाही.

आक्का माहेरी आली. रिकाम्या बाजेपाशी बराच वेळ बसली. मग आईचं एखादं लुगडं तरी न्यावं म्हणून माळ्यावर चढली, आणि वरच थांबली. तिथं चिलमीच चिलमी होत्या. मातीच्या, दगडाच्या, शिसवी, लांब, आखूड, वाकड्या. कोऱ्या करकरीत, एक चांदीच्या कड्यांची सोडली, तर एकीच्याही तोंडाला काजळी नाही.

आक्कानं खाली भावाकडे पाहिलं.

"एवढ्या चिलमी होत्या घरात?" ती म्हणाली.

पाटील शिडी धरून तसाच उभा राहिला. अंगणात गाढव उभं होतं. ते या वेळी काही बोललं नाही, आणि म्हणतात, तेव्हापासून गाढवांनी माणसांना सांगणंच सोडून दिलं.

बोध एवढाच, की जे हाताशी आहे त्यानंच आज सुरुवात करावी. उत्तम साधन शोधत घालवलेला वेळ आपली वाट बघणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून वजा होतो.