जोडा पडला तिथंच

ऐका बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या आयांनो, तुम्हीही ऐका. फार फार जुन्या काळी, राजाचा वाटा धान्यातच द्यायचा असे तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव एवढंसं, पण तोरा मोठा.

त्या गावाची एक रीत होती. गावात शिरणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना जी शेतं होती, तेवढ्यांचेच लाड व्हायचे. सगळ्या गोठ्यांतलं शेणखत तिथं, पहिली निंदणी तिथं, चांगलं बियाणंही तिथंच. का, तर सोयरीक बघायला येणारे पाहुणे त्या वाटेनं येत. दोन्हीकडं माणूस लपेल अशी ज्वारी पाहिली, की पाहुणे खूश आणि पोरींची लग्नं पक्की!

त्या शेतांच्या मागं ओढा होता. ओढ्याकाठी बरी जमीन होती. आणि त्याच्याही मागं होता माळ. नुसता मुरूम आणि दगड. गावातली निम्म्याहून जास्त शेतं त्या माळावरच होती, पण माळावर कुठला पाहुणा चढतोय?

येसूचं शेत माळावर होतं. येसू वयानं लहान, कडेवर तान्ही मुलगी, आणि स्वभाव असा घाबरा की चुलीवर दूध ठेवलं की ते उतू गेलंच असं धरून चालायची. नवरा तिला म्हणायचा, "अगं, ढग आला की घाबरतेस, ढग गेला की घाबरतेस. मधे कधी दम घेतेस का नाही?"

"घेते की, झोपल्यावर," येसू म्हणायची. पण तेही खरं नव्हतं.

त्या वर्षी ज्वारी काढणीला आली आणि राजाचा नवा अंमलदार घोड्यावर बसून गावात आला. वाटेवरून येताना त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. कणसं कशी, तर मुठीत मावेनात अशी.

"वा पाटील!" पाराशी घोडा थांबवून तो म्हणाला. "अशी ज्वारी मी अजून कुठं पाहिली नाही. सगळ्या शिवारात असंच पीक आहे का?"

आता पाटलांनी काय म्हणावं? खरं सांगितलं तर गावाची शोभा जाते. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "सरकार, आमच्या गावात जिकडं बघाल तिकडं हेच!"

"मग झालं," अंमलदार म्हणाला. "दर शेतामागं चार पोती राजाचा वाटा. खळी झाली की गाड्या पाठवतो."

पाटलांचा चेहरा पडला. पण बोललेला शब्द गिळायचा कसा?

पारासमोर उभ्या असलेल्या बायांमध्ये येसू होती. तिच्या शेतात चांगल्या सालीही जेमतेम चार पोती व्हायची. तीच राजाला दिली, तर वर्षभर भाकरी कशाची? आणि आपल्या पोटात भाकरी नाही, तर लेकराला दूध कुठून येणार?

या वेळची काळजी मात्र नुसती काळजी नव्हती. येसू मुलीला घेऊन माळाकडं पळत सुटली. शेतात शिरली आणि कणसं खुडायला लागली. एक कणीस बरं दिसलं, ते तिनं सोडून दिलं. दुसरं बोटाएवढं होतं, ते घेतलं. अशी शोधून शोधून, किडकी, वाळकी, अर्धी पाखरांनी खाल्लेली कणसं पदरात भरून ती परत आली आणि निघायच्या बेतात असलेल्या अंमलदारापुढं तिनं पदर रिकामा केला.

"सरकार, माळावर अशी ज्वारी आहे. आता सांगा, हिच्यातून चार पोती काढू कशी?"

अंमलदार घोड्यावरून उतरला. त्यानं एक कणीस उचलून निरखलं आणि मान हलवली. "बाई, एवढी वाईट कणसं आपोआप पदरात येत नसतात. वेचून आणलीस ना?"

येसूला खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण कडेवरची मुलगी तोंडाकडं टकमक बघत होती.

"होय सरकार," ती म्हणाली. "भीतीनं वेचून आणली. वाईट तेवढीच घेतली." आणि मग, कुठून धीर आला कुणास ठाऊक, ती पुढं म्हणाली, "पण पाटीलदादांनी तरी तुम्हाला वेचूनच दाखवली की! त्यांनी चांगली तेवढी दाखवली."

सगळा पार खदाखदा हसला. पाटलीणबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. "खरं आहे गं पोरी! आमच्या घरचं शेणसुद्धा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं असतं!"

पाटील खाली मान घालून जोड्यातला खडा शोधायला लागले. खडा काही नव्हताच.

अंमलदारही हसला, पण मग विचारात पडला. "एकानं गोड दाखवलं, एकीनं कडू दाखवलं. मी खरं बघू तरी कसं? सगळ्या शिवाराची मळणी होईपर्यंत इथं बसलो, तर बाकीची गावं कधी बघू?"

येसू चाचरत म्हणाली, "पाखरं राखायची पाळी ठरवतो तसं करू या का? आमच्याकडं प्रत्येक शेताची खूण केलेली खापरी आहे. सगळ्या खापऱ्या मडक्यात घालायच्या आणि न बघता काढायच्या. ज्याची निघेल त्याची पाळी. त्यात कुणाची मर्जी चालत नाही, म्हणून भांडणही होत नाही."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच भ्यायला झालं. "अगंबाई! पण सगळ्या खापऱ्या वाटेकडच्याच निघाल्या तर?"

"मग मडकी तीन करू," पाटलीणबाई म्हणाल्या. "वाटेकडच्यांचं एक, ओढ्याकाठच्यांचं एक, माळाचं एक. माळावर शेतं जास्त, तर तिथल्या खापऱ्याही जास्त काढू. आणि ज्या जमिनीत जसं पिकेल तसा तिथला वाटा. कसं?"

"पसंत!" अंमलदार म्हणाला. त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर उपरणं बांधून घेतलं आणि मडक्यात हात घालायला गेला. पहिल्यांदा हात गेला तो पाटलांच्या पागोट्यात. पुन्हा हशा! मग मडकी सापडली आणि खापऱ्या निघाल्या. वाटेकडची एक, ओढ्याकाठच्या दोन, माळाच्या पाच. त्या पाचांत एक येसूचीच होती.

सगळा गाव शेतं बघायला निघाला. पहिल्याच बांधावर अडचण आली.

"सरकार, इथलं कापा," पाटील ओढ्याकाठी एक पिवळट कोपरा दाखवत म्हणाले. आता त्यांना गावाच्या शोभेपेक्षा पोत्यांची चिंता लागली होती.

"पाटील, पुन्हा वेचायला लागलात?" अंमलदार म्हणाला. त्यानं शेताकडं पाठ केली, पायातला जोडा काढला आणि डोक्यावरून मागं भिरकावला. "जोडा पडला तिथंच दोराचं रिंगण टाका. रिंगणातली कणसं तेवढी कापायची, चांगली असोत की वाईट. झोडपून दाणे मोजायचे."

मग काय मजा! जोडा एकदा चिखलात रुतला, एकदा बाभळीच्या झुडपात अडकला. माळावरच्या एका शेतात तर बोडक्या जागेवर पडला, तिथं ज्वारीचं एकही ताट नव्हतं. "तिथंच!" सगळा गाव ओरडला. तेही मोजलं गेलं, काही नाही म्हणून. अंमलदार एका पायानं लंगडत पुढं, गाव मागं, आणि येसूची मुलगी दर वेळी जोडा उडाला की टाळ्या पिटत होती.

मग आलं येसूचं शेत. जोडा उडाला आणि पडला तो वारुळाजवळ. साऱ्या शेतात तेवढीच ओंजळभर जागा कसदार होती, आणि तिथली कणसं वाटेकडच्यासारखी टपोरी होती.

येसूला वाटलं, आता हा म्हणेल, बाईनं मला फसवलं!

अंमलदारानं शेतावरून नजर फिरवली. बाकीचं पीक कसं आहे ते त्याला दिसत होतं. तो हळूच म्हणाला, "बाई, पुन्हा फेकू का?"

येसूनं कणसांकडं पाहिलं, लेकराकडं पाहिलं. मान डोलवायचा अवकाश, काम झालं असतं. पण बोडक्या जागेला 'तिथंच' म्हणून आपणही ओरडलो होतो, हे तिला आठवलं.

"नको सरकार," ती म्हणाली. "आपल्याला नको तिथं पडला म्हणून पुन्हा फेकायचा, तर मग ते वेचणंच झालं. पडला तिथंच."

कणसं कापली. झोडपली. माप शिगोशीग भरलं. येसूनं डोळेच मिटून घेतले.

पण माळावरची बाकीची चार शेतं होती ना! कुठं अर्धं माप भरलं, कुठं पाव, बोडक्या जागी शून्य. सगळे दाणे एकत्र करून पाचांत सारखे वाटले, तेव्हा माळाचं जे खरं होतं तेच समोर आलं. येसूचं एक चांगलं माप इतरांच्या कमीत मिसळून गेलं. आणि बोडक्या जागेचं शून्यही तसंच मिसळून गेलं.

अंमलदारानं निवाडा दिला. "माळाच्या शेतांना अर्धं अर्धं पोतं. ओढ्याकाठच्यांना दोन दोन. आणि वाटेकडच्यांना चार चारच. पाटील, तुमची तीन शेतं तिकडं आहेत ना? तुम्ही तुमच्या पिकाबद्दल अगदी खरं बोलला होतात हं!"

पाटलीणबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की पाटलांनी तिथल्या तिथं शपथ घेतली, की पुढच्या साली निम्मं खत माळावर जाईल. गेलंही. मग माळही हळूहळू बरा पिकायला लागला, आणि अंमलदार पुढच्या प्रत्येक गावात मडकी मागून घेऊ लागला.

येसूच्या खळ्यावर त्या साली मळणी झाली तेव्हा अर्धं पोतं राजाच्या गाडीत गेलं, आणि बाकीची ज्वारी घरी आली. ती कणगीत ओतताना येसूला टाचा उंच कराव्या लागल्या. नवरा म्हणाला, "आता कसली काळजी?" येसूनं खूप विचार केला, आणि खरंच, तिला एकही सापडली नाही.

म्हणून बाळांनो, थोड्यावरून साऱ्याचा अंदाज जरूर बांधावा, पण ते थोडं आपल्या सोयीनं वेचलेलं नसावं.