डाव कुणावर

“हिला रडवलं कुणी?”

मठाच्या शाळेतली सहा पोरं अंगणात रांगेनं उभी होती. दशरथ गुरुजींच्या हातात छडी होती. एकही तोंड उघडेना.

पायरीवर अंबिका बसली होती. परकराला माती, गालांवर ओघळ, कुबडी मांडीवर.

“सगळ्यांनी मिळून ठरवलंय, बाबा,” दशरथ म्हणाला. “एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, इतके पक्के आहेत. ज्यानं केलं त्याचं नाव आज शाळेतून काढतो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

त्याचे गुरू धोंडबाबा रांजणापाशी पाय धूत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“खेळ कसला चालला होता?”

“शिवाशिवीचा. पण ही लिंबूटिंबू. हिला शिवलं तरी डाव हिच्यावर येत नाही. नियम माझा आहे. दोन वर्षांत ही एकदाही रडली नव्हती.”

सांगताना त्याची मान ताठ झाली.

“हसली होती?”

दशरथला आठवेना...

बाबा पोरीकडे वळले. “अंबे, कोण गं?”

“नाही सांगणार.”

“बघा! धमकावलंय तिला.”

“कुणी नाही धमकावलं!” अंबिका उसळली. “नाव सांगितलं की गुरुजी त्याला काढणार. मग मी त्याला परत कशी शिवू? डाव माझ्यावर आलाय.”

“मग रडतेस कशाला?” बाबांनी विचारलं.

“हरले म्हणून!”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दशरथनं गर्रकन वळून पाहिलं. सहाही तोंडं गंभीर... पोरगीसुद्धा त्यांना सामील आहे, त्याला वाटलं. बाबांचाही भरवसा वाटेना.

तेवढ्यात अंबिका कुबडी टेकत उठली. दोन पावलं टाकली आणि त्याच्या कोपरावर फाटकन चापट मारली.

“गुरुजी, तुमच्यावर डाव!”

रांग फुटली. पोरं ओरडत चहूकडे पांगली. ती स्वतः खटखट करत रांजणाआड गेली.

दशरथ छडी धरून तसाच उभा. कान लाल झालेले.

“बाबा, मी खेळत नव्हतो...”

बाबांनी धोतराचा सोगा वर खोचला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस त्याच्यावरची नजर न हलवता चार पावलं मागे सरला.

“मग तुला लिंबूटिंबू धरू?”