कुठली ओल

“म्हणजे नेमकी कुठली ओल, महाराज?”

त्र्यंबकशास्त्री अमृतगिरी महाराजांच्या मठात अनुग्रह घ्यायला आला होता. महाराज मात्र रोज एकच सांगून त्याला परतवत होते, अजून ओल नाही.

“भिंतीला येते ती वाईट. शेतात असते ती चांगली. विहीर खणताना लागते ती निराळीच,” शास्त्री म्हणाला. “शिवाय ओला चारा, ओली बाळंतीण, ओला दुष्काळ... यातली कुठली हवी?”

महाराज शेंगा सोलत होते.

“छान सांगितलंस.”

“मग?”

“मग काय... ओल नाही.”

शास्त्री खट्टू झाला. सगळी पाठशाळा ज्याच्यापुढे हात टेकायची, त्याला हा म्हातारा शेंगा सोलत वाटेला लावत होता. अनुग्रहावाचून परत गेलो तर तोंड कुठे दाखवायचं?

...आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुमंत्र ओलेत्याने घ्यायचा असतो, आणि आपण रोज येतो परीटघडीचं कोरडं धोतर नेसून!

तो तडक विहिरीवर गेला. घागरीमागून घागरी डोक्यावर ओतून घेतल्या. अंग पुसलं नाही, धोतर पिळलं नाही, तसाच दात वाजवत अंगणात येऊन उभा राहिला.

अंगणात गोदाक्काने कुरडया वाळत घातल्या होत्या. मठाचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं, आणि ती खुद्द महाराजांनाही भीक घालत नसे.

“शास्त्रीबुवा,” ती म्हणाली, “तुमची भक्ती जरा तिकडं निथळू द्या. कुरडया आत्ता कुठं सुकायला लागल्यात.”

शास्त्रीने खाली पाहिलं. धोतरातून पाणी टपटपत होतं आणि पायाशी कुरडयांचा पुन्हा चीक होत होता.

तो रागावणारच होता. तोंडही उघडलं...

पण बाहेर पडलं ते हसू. आधी फिस्सकन, मग पोट धरून. एवढा मोठा वैयाकरण, आणि एका शब्दापायी बाईचं वाळवण बुडवून उभा! लहानपणानंतर इतकं मोकळं तो कधी हसला नव्हता. फार बरं वाटत होतं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी हसू थांबेना. गोदाक्काही तोंडाला पदर लावून हसत सुटली.

महाराज शेंगा ठेवून उठले. शास्त्रीच्या निथळत्या गालावरचा एक थेंब त्यांनी बोटाने टिपला आणि जिभेला लावला.

“ही विहिरीची नाही,” ते म्हणाले. “जा, कोरडं नेसून ये... अनुग्रह देतो.”