दहातली एक लाट

“एकच?” शर्वाणीने विचारलं. “दहातली एकच लाट काठापर्यंत आणायची?”

“एकच,” दस्तगीर वस्ताद म्हणाले.

“आणि मी दहाच्या दहा आणल्या तर?”

“तरी नाव एकदाच लिवणार.”

शर्वाणी हसली. तिने केस घट्ट बांधले आणि सर्फिंगच्या बोर्डभोवती गुंडाळलेली आईची जुनी गोधडी सोडायला घेतली. देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी तिचं गाव. तिथून पहाटेची एस.टी. पकडून, बोर्ड मागच्या सीटवर आडवा टाकून ती घाट चढून आली होती. तिकीट काढताना कंडक्टरने “हे काय दार घेऊन निघालीस?” असं विचारलं, तेव्हा तिने मान ताठ करून सांगितलं होतं, “राज्याच्या संघात चाललेय.”

अजून ती संघात नव्हती. पण तिला ती उगाच किरकोळ गोष्ट वाटत होती.

राज्यातून सर्फिंगला चार जण जाणार होते. तीन नावं ठरली होती आणि चौथी ओळ कोरी होती. यंदाची स्पर्धा पहिल्यांदाच समुद्रावर न होता लाटांच्या तलावात होणार होती, म्हणून ती ओळ भरायचं काम अशाच एका तलावावर पोरांना शिकवणाऱ्या वस्तादांकडे आलं होतं. त्यांना कुणीच पसंत पडलं नाही, तर ती कोरीच जाणार होती. आज संध्याकाळी कागद पाठवायचा होता.

तलाव शहराबाहेरच्या दगडाच्या जुन्या खाणीत बांधलेला. एका टोकाला काचेची खोली आणि तिच्यात यंत्रावर बसलेले संपतराव. यंत्र सुरू झालं की भिंतीतून पाणी रेटलं जाई, तळाला बांधलेल्या सिमेंटच्या लांब कट्ट्यावर आपटून वर उठे आणि लाट होऊन फुटत पुढे येई. समुद्रात खडक जे करतो, ते इथे हा कट्टा करी. मात्र इथली प्रत्येक लाट हुबेहूब आधीच्या लाटेसारखी असे.

वस्ताद अडुसष्ट वर्षांचे. हा तलाव होण्याआधी चाळीस वर्षं, याच खाणीच्या पाण्यात, पोरांच्या पाठीला पत्र्याचे डबे बांधून त्यांनी अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं होतं. आताही गळ्यात शिट्टी होती, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

“काका, राग मानू नका,” शर्वाणी म्हणाली, “पण तुम्ही कधी समुद्रात उतरलाय?”

“न्हाई.”

“पाहिलाय तरी?”

“फोटूत.”

“मग माझं काय बघणार तुम्ही?”

वस्तादांनी खुर्ची सावलीत ओढली.

“पाणी सोडून सगळं.”

...

पहिली लाट आली. शर्वाणी एका झटक्यात बोर्डावर उभी राहिली. ती उभी राहिली की तिच्या गावचे लोक जाळी विणायची थांबवून बघत. इथे बघायला दोनच माणसं होती, तरी ती तशीच ऐटीत उभी राहिली.

काठ समोर दिसत होता...

आणि बोर्ड पायाखालून निघून गेला.

ती वर आली तेव्हा बाजूच्या भिंतीतली एक तुटकी निळी फरशी तिला दिसली. तिने तोंडावरचं पाणी पुसलं.

“लाट आखूड आहे तुमची!”

“बरं,” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी काचेच्या खोलीकडे हात वर केला.

दुसरी लाट. शर्वाणी पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा पडली.

“हे गोडं पाणी आहे. गोड्या पाण्यात बोर्ड खाली बसतो. आमचं खारं पाणी उचलून धरतं.”

“खरं हाय,” वस्ताद म्हणाले आणि हात वर केला.

तिसऱ्या लाटेला ती पडली तेव्हा तिने थेट काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं.

“त्यांनी बटण उशिरा दाबलं!”

संपतरावांनी खिडकी सरकवली. “ओ ताई, बटण कंप्युटर दाबतोय! मी नुसता चहा पितोय हितं!”

चौथ्या लाटेला वारा होता. पाचव्या लाटेला डोळ्यांत औषधाचं पाणी गेलं. वस्ताद प्रत्येक वेळी “बरं” म्हणत. त्या “बरं”मध्ये राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं. शर्वाणीला तेच जास्त लागत होतं. गेल्या साली दुसऱ्या राज्यातल्या किनाऱ्यावर ती चौथी आली होती, तेव्हा तिथल्या वाऱ्याला तिने जाहीरपणे नावं ठेवली होती आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. हा माणूस मान डोलावत नव्हता.

सहावी लाट.

ती वर आली, तेव्हा पुन्हा समोर तीच तुटकी फरशी होती.

“खाली काहीतरी आहे,” शर्वाणी ओरडली. “तुमचा कट्टा इथपर्यंत आलाय. चुकीचा बांधलाय तो! मी शपथेवर सांगते.”

यावेळी वस्ताद “बरं” म्हणाले नाहीत.

ते उठले. गळ्यातली शिट्टी त्यांनी खुर्चीवर ठेवली, चष्मा शिट्टीशेजारी ठेवला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरले. खोलीतून संपतराव “ओ वस्ताद, ओ!” करत राहिले. वस्ताद हळूहळू पोहत शर्वाणीपाशी आले. तिच्या बोर्डाला हात लावून त्यांनी तिला थोडं बाजूला सारलं, छाती भरून श्वास घेतला आणि बुडी मारली.

पाणी वर मिटलं.

शर्वाणी वाट बघत राहिली... तिने नकळत आकडे मोजले. वीस. तीस. चाळीसला तिने काचेच्या खोलीकडे पाहिलं. संपतरावांचा कप तोंडापाशीच थांबला होता.

मग वस्ताद वर आले. त्यांनी डोळ्यांवरचे पांढरे केस मागे सारले आणि दोन्ही तळहात उघडून तिच्यापुढे धरले.

तळहात रिकामे होते.

“कट्टा तिकडं ऱ्हायला, यंत्रापाशी,” ते म्हणाले. “हितं सपाट हाय. परातीसारखं.”

“... हो?”

“सहा बार बघितलं मी. हितं आलीस की गुडघे मोडतीस, खांदं आत घेतीस, सगळा भार मागच्या पायावर टाकतीस. म्हणून बोर्ड थांबतोय. त्ये कळलं मला. पर एक न्हाई कळलं.”

“काय?”

“हितं तर काय बी न्हाई. मग तू अंग चोरतीस कुणापासनं?”

शर्वाणीने खाली पाहिलं.

पाणी बोर्डाखाली डुचमळत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन...

“म्हातारी,” ती अगदी हळू म्हणाली.

“कोण?”

“आमच्या गावचा खडक. भरतीला दिसत नाही. वीतभर पाण्याखाली बसलेला असतो, लाटेच्या ऐन वाटेवर.” ती थांबली. मग तिची मान आपोआप वर आली. “त्याच्या बाजूने जायची हिंमत आधी कुणाला नव्हती. दत्तूकाकांनी मला शिकवलं. बोर्डावर उभी राहिलीस की आकडे मोज म्हणाले. ‘चार म्हटलंस की आंग चोर गो, म्हातारी बसलीहा थंय!’ दहा वर्षांची होते मी. माझ्या पाठोपाठ सगळी पोरं शिकली. माझ्याइतकं सुरेख अजून कुणाला जमत नाही.”

“दिसतंय की,” वस्ताद म्हणाले. “लई सुरेख चोरतीस.”

त्यांनी ते खरंच कौतुकाने म्हटलं. शर्वाणीच्या मात्र कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्याजवळची सगळ्यात उत्तम गोष्ट तिला सहा वेळा पाण्यात पाडत आली होती.

“कळलं मला,” ती म्हणाली. “आता बघाच.”

...

वस्ताद काठाशी सरकले. सातवी लाट आली. शर्वाणी उभी राहिली. म्हातारी इथे नाही, ती मनाशी म्हणाली. म्हातारी इथे नाही, नाही, नाही.

गुडघे मोडले. खांदे आत गेले.

तिने वर येऊन पाण्यावर जोरात मूठ मारली. आठव्या लाटेला तिने दात आवळले, नवव्या लाटेला आकडेच मोजायचे नाहीत म्हणून ती मोठमोठ्याने आरती म्हणत आली. “सुखकर्ता”पर्यंत सगळं ठीक होतं. पुढे तिच्या अंगाने आपलंआपण चार मोजले.

लाट, वारा, पाणी, यंत्र... आता कशाचंच नाव तिच्या तोंडी आलं नाही.

एक लाट उरली होती.

शर्वाणी बोर्डावर पालथी पडून, हाताने पाणी मारत यंत्राकडे निघाली. तिला कंडक्टर आठवला. आई आठवली; आईने शेजारणींना संघाचं सांगूनही टाकलं असेल. रडू येऊ नये म्हणून तिने हनुवटी वर ठेवली. वळून पाहिलं तर वस्ताद काठाशी नव्हते. ते पोहत आत आले होते आणि तुटक्या फरशीसमोर, ती पडत होती तिथेच, छातीभर पाण्यात उभे होते.

“वस्ताद!” ती ओरडली. आतापर्यंत ती त्यांना काका म्हणत होती. “बाजूला व्हा! माझ्या वाटेत आहात तुम्ही. लागेल!”

“वाटंत न्हाई. वाटंच्या कडंला हाय. हातभर.”

“तरी लागेल!”

“सरळ गेलीस तर न्हाई लागायचं,” वस्ताद म्हणाले. “पडलीस तर लागंल. बोर्ड उडून माज्याच टाळक्यात बसंल.”

संपतराव खिडकीतून अर्धे बाहेर आले होते. “वस्ताद, मी लाट सोडणार न्हाई हां! माझी नोकरी जाईल!”

“कंप्युटर सोडतोय म्हनलास न्हवं मघाशी?”

संपतरावांनी डोकं खिडकीतून आत घेतलं.

वस्तादांनी शर्वाणीकडे पाहिलं. आतापर्यंत ते तिच्या पायांकडे आणि खांद्यांकडे बघत आले होते. आता ते तिच्या डोळ्यांत बघत होते. मग त्यांनी हात वर केला.

भिंत गुरगुरली. पाणी कट्ट्यावर आपटून उठलं.

शर्वाणी उभी राहिली.

एक. पांढरे केस पाण्यावर दिसत होते.

दोन. वस्ताद हलत नव्हते.

तीन. त्यांच्या भुवईवरचा पाण्याचा थेंबही तिला दिसला.

चार...

तिच्या गुडघ्यांनी मोडायला सुरुवात केली, आणि त्याच क्षणी तिच्या पुढच्या पायाने बोर्ड असा दाबला, जणू बंद दार ढकलून उघडायचं आहे. खांदे रुंद झाले. बोर्ड सुसाट सुटला. म्हाताऱ्या माणसाचा खांदा तिच्या पोटरीपासून हातभर अंतरावरून मागे गेला. वस्तादांनी पापणीही लववली नव्हती. पुढे निळं, गुळगुळीत, मोकळं पाणी होतं. इतकं लांब पाणी या तलावात आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

काठाची पायरी आली. शर्वाणी बोर्डावरून एक पाऊल टाकून पायरीवर उतरली. या खेपेला तिचं डोकं पाण्याखाली गेलं नव्हतं.

संपतरावांनी यंत्राचा भोंगा वाजवला. लांबलचक, दोनदा.

शर्वाणी पायरीवर उभी राहिली. तिला धाप लागली होती, पण तिने ती दिसू दिली नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिने सगळा तलाव एकदा डावीकडून उजवीकडे पाहून घेतला, जणू तो तिनेच बांधला होता.

वस्ताद पाण्यातून निथळत बाहेर आले. चष्मा लावला. खुर्चीखालचा कागद काढला.

“धर जरा. माझं हात वलं हायत.”

शर्वाणीने कागद दोन्ही हातांनी ताठ धरला. वस्तादांनी चौथ्या ओळीवर सावकाश लिहिलं, शर्वाणी मेथर. आडनावातल्या ‘थ’वर त्यांच्या कोपरावरून एक थेंब पडला आणि शाई थोडी पसरली. तरी नाव स्वच्छ वाचता येत होतं. शर्वाणीने ते तीनदा वाचलं.

“वस्ताद,” ती म्हणाली. तिचा चेहरा उजळून निघाला होता. “उद्याच गावी जाते आणि किनाऱ्यावर सगळ्यांना गोळा करते. दत्तूकाकांनाही बोलावते. इतकी वर्षं आम्ही वेड्यासारखे अंग चोरत आलो! आता सांगते सगळ्यांना, चार म्हटलं की खांदे रुंद करायचे आणि सरळ जायचं. बस्स!”

वस्ताद बनियनचं टोक पिळत होते. ते थांबले...

“गावाकडं मातूर अंग चोर, पोरी.”